माळ्यावरचा संगणक

गणपतीचं मखर काढायला माळ्यावर चढलं, की वर्षातून एकदा त्याची भेट होते. एका बाजूला फराळाची मोठी पातेली, दुसऱ्या बाजूला मुलांची तीनचाकी, आणि मधे जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला संगणक. “याचं काय करायचं?” असं खालून कुणीतरी विचारतं, वरून “बघू” असं उत्तर येतं, आणि मखर उतरवून माळ्याचं दार लागतं. पुण्यातल्या बऱ्याच घरांत हा संवाद दरवर्षी होत असावा. हा लेख त्या ‘बघू’साठी आहे.

माळ्यावरच्या या मंडळींत अलीकडे भर पडली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित देखभाल थांबवली. विंडोज ११ साठी ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे साधारण २०१८ च्या आधी घेतलेले बहुतेक संगणक या चाळणीतून खाली पडले. त्यांतले कितीतरी ठणठणीत होते. बिघाड यंत्रात नव्हता, पात्रतेच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं, एवढंच.

अशा यंत्राची ताकद किती असते, याचा अंदाज पुणेकरांना घरच्याच उदाहरणाने येईल. ‘सी-डॅक’ ही संस्था १९८८ मध्ये पुण्यात सुरू झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये तिने ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. या मोहिमेपुढचं उद्दिष्ट होतं एक गिगाफ्लॉपचं, म्हणजे सेकंदाला शंभर कोटी दशांशी आकडेमोडींचं. २०१३ च्या सुमाराला घराघरांत आलेला चौथ्या पिढीचा साधा आय-थ्री प्रोसेसर घ्या. त्याचे दोन गाभे, ३.४ गिगाहर्ट्झचा वेग आणि प्रत्येक ठोक्याला १६ आकडेमोडी यांचा गुणाकार केला, तर कागदावर त्याची क्षमता शंभर गिगाफ्लॉपच्या वर जाते. अभ्र्यात गुंडाळून ठेवलंय ते हे.

मग तो रखडतो का?

संगणक माणसासारखा म्हातारा होत नाही. प्रोसेसरमधला ट्रान्झिस्टर दहा वर्षांपूर्वी ज्या वेगाने उघडमीट करायचा, त्याच वेगाने आजही करतो. हळू होतात ते त्याच्या भोवतालचे भाग, आणि वाढतं ते त्याच्यावरचं ओझं.

पहिला संशयित म्हणजे हार्ड डिस्क. तिच्यात खरोखरच तबकड्या फिरतात, मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा. ७२०० फेऱ्यांच्या डिस्कला एका फेरीला सव्वाआठ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती सुईखाली यायला सरासरी अर्धी फेरी थांबायचं, शिवाय सुई जागेवर न्यायला आणखी काही मिलिसेकंद. म्हणजे इकडची-तिकडची माहिती सेकंदाला जेमतेम शंभर वेळा उचलता येते. आजची सॉफ्टवेअरं सुरू होताना अशा हजारो चिंध्या गोळा करत बसतात. हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या एसएसडीत फिरणारं काहीच नसल्याने हेच काम ती सेकंदाला हजारो वेळा करते. म्हणून जुन्या संगणकात खर्च करायचाच असेल तर पहिला एसएसडीवर करावा. २४० जीबीचीही पुरते. दुसरा रॅमवर. चार जीबीची आठ झाली की ब्राउझर श्वास घेऊ लागतो. मात्र डीडीआर-थ्रीच्या जागी डीडीआर-फोर बसत नाही. दोन्हींच्या खाचा वेगळ्या असतात, म्हणून दुकानात जाताना जुनी पट्टी खिशात घालून न्यावी.

दुसरा संशयित धूळ. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली धुळीची गादी तयार होते, उष्णता अडकते, आणि जळू नये म्हणून प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो. मऊ ब्रशने ही गादी काढून पंख्याखालची सुकलेली थर्मल पेस्ट नवी लावली, की अर्धा आजार जातो.

खाली काढल्यावर पहिला तास

माळ्यावरून उतरवलेला संगणक लगेच प्लगला लावू नये. आधी कॅबिनेट (ज्याला आपण सर्रास ‘सीपीयू’ म्हणतो) उघडून पाहावं. मदरबोर्डवरचे छोटे नळकांडीसारखे कपॅसिटर वरून फुगलेले किंवा गळलेले असतील, तर पैसे घालण्याआधी दोनदा विचार करावा. लॅपटॉप असेल तर तो टेबलावर सपाट बसतो का ते बघावं. बॅटरी फुगून तळ वर आला असेल, तर तो चार्जिंगला लावायचा नाही, आणि बॅटरी टोचून तर मुळीच बघायची नाही.

आता समजा, बटण दाबलं, पंखा फिरला, पण पडदा काळाच राहिला आणि आतून ‘बीप, बीप’ सुरू झालं. इथे बरेच जण हात टेकतात. पण हा आवाज अनेकदा रॅमची तक्रार असते. संगणक बंद करा, वायर काढा, दोन मिनिटं थांबा. कॅबिनेटच्या लोखंडी पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. रॅमच्या पट्टीच्या दोन्ही टोकांच्या चिमट्या बाहेर दाबल्या की पट्टी वर येते. तिच्या कडेला सोनेरी दातांची रांग दिसेल. कंपासपेटीतल्या पांढऱ्या खोडरबरने हे दात हलक्या हाताने पुसा. रबरावर काळपट रेघ उमटेल. भुसा फुंकून नव्हे, कोरड्या ब्रशने झाडा, कारण फुंकरीबरोबर थुंकीचे कणही जातात. पट्टी पुन्हा खाचेत बसवून ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबा. दुरुस्तीच्या दुकानातही पहिला उपाय हाच होतो.

घड्याळ दरवेळी काही वर्षं मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा रुपयाएवढा ‘सीआर २०३२’ हा तीन व्होल्टचा सेल संपलेला असतो. तो घड्याळजीकडेही मिळतो.

इतकं झालं की डिस्कची तब्येत पाहायची. लिनक्समधलं ‘डिस्क्स’ किंवा विंडोजमधलं ‘क्रिस्टल डिस्क इन्फो’ ती सांगतं. डिस्कने खराब जागा बदलून घेतल्याची नोंद वाढत असेल, तर त्या डिस्कवर काहीही मोलाचं ठेवू नये.

एक यंत्र, एक काम

जुन्या संगणकाचे प्रयोग फसतात, कारण त्याला आपण पुन्हा सगळीच कामं सांगतो. वीस टॅब उघडायचे, मीटिंग घ्यायची, व्हिडिओही कापायचा. मग तो दमतो, आपण चिडतो, आणि तो परत माळ्यावर जातो. निवृत्त झालेल्या आजोबांना कुणी पुन्हा दहा ते पाचची नोकरी करायला सांगत नाही. पण त्यांनी रोज नातवाला शाळेत पोहोचवलं, तर घराला केवढा आधार होतो! जुन्या संगणकाला असंच एक ठरलेलं काम द्यावं. आणि ते निवडताना, नव्या यंत्राला जे जमत नाही आणि याला जमतं, तिथून सुरुवात करावी.

असं बरंच काही आहे. कॅबिनेटच्या मागच्या बाजूला गोल भोकांची रांग असते: गुलाबी, हिरवं, निळं. गुलाबी माइकचं, हिरवं स्पीकरचं. निळ्याकडे कुणी बघत नाही. ते ‘लाइन-इन’, म्हणजे टेपरेकॉर्डरसारख्या यंत्रातून आवाज आत घेण्याचं दार. आजच्या पातळ लॅपटॉपवर ते नसतंच.

आता कपाटातला कॅसेटचा डबा आठवा. मुंजीच्या दिवशी रेकॉर्ड केलेले मंगलाष्टकांचे सूर, आजीच्या आवाजातली भोंडल्याची गाणी, आजोबांनी गावच्या देवळात टेप केलेलं कीर्तन. टेपरेकॉर्डर चालू स्थितीत असेल, तर दोन्ही टोकांना ३.५ मिलिमीटरची पिन असलेली एक साधी वायर पुरते. एक टोक टेपच्या हेडफोनच्या भोकात, दुसरं निळ्या भोकात. टेपचं हेड आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलात भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसावं, तपकिरी मळ निघतो. कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवून घ्यावी, म्हणजे चिकटलेली फीत सुटते. संगणकावर ‘ऑडॅसिटी’ हे मोफत सॉफ्टवेअर उघडून लाल बटण दाबायचं. आवाजाची पट्टी लाल होत असेल, तर टेपचा आवाज कमी करायचा. चुकून गुलाबी भोकात वायर घातली तर आवाज फाटतो. ते भोक माइकच्या क्षीण आवाजासाठी असतं, ते आलेला आवाज आणखी मोठा करतं.

साठ मिनिटांची कॅसेट साठ मिनिटंच घेणार, इथे घाई नाही. सीडीच्या दर्जाचं एक तासाचं रेकॉर्डिंग साधारण ६३५ एमबी जागा खातं. पन्नास कॅसेटी असतील तर महिना-दोन महिने रोज एक लावावी. या कामाला जुना संगणकच योग्य, कारण तो तासभर अडकून पडला तरी कुणाचं काम अडत नाही. तीच गोष्ट लग्नाच्या सीडी-डीव्हीडींची. नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो, जुन्याला असतो. घरी लिहिलेल्या सीडीतला रंगद्रव्याचा थर काळाबरोबर उतरतो, त्यामुळे हे काम या वर्षीच करण्याजोगं आहे.

मराठी फायलींचं कोडं

दुसरं काम खास मराठी, आणि त्यातही खास पुण्याचं. अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या पेठांमध्ये पुस्तकं, मासिकं, दिवाळी अंक, लग्नपत्रिका डीटीपीवर जुळवण्यात वर्षानुवर्षं गेली. हे बहुतेक काम ‘श्रीलिपी’, ‘आकृती’ किंवा सी-डॅकच्या ‘आयएसएम’च्या फॉन्टांत झालं. यातली ‘श्रीलिपी’ पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची. आईचा प्रबंध, वडिलांनी लिहिलेला कुळाचा इतिहास, सोसायटीची जुनी इतिवृत्तं अशाच फायलींत पडून असतात. नव्या संगणकावर त्या उघडल्या की इंग्रजी अक्षरं, चिन्हं आणि प्रश्नचिन्हं यांचा काला दिसतो.

फाईल बिघडलेली नसते. त्या काळात मराठी अक्षरांना सगळ्या संगणकांत चालणारा स्वतःचा क्रमांक नव्हता. म्हणून फॉन्ट बनवणाऱ्यांनी रोमन अक्षरांच्या जागांवर मराठीचे तुकडे बसवले: कुठे काना, कुठे मात्रा, कुठे अर्धं अक्षर. फॉन्ट असेल तर मराठी दिसे, नसेल तर खालचं रोमन उघडं पडे. युनिकोडने प्रत्येक अक्षराला कायमचा क्रमांक दिला. ‘क’चा क्रमांक २३२५, मग फॉन्ट कोणताही असो. जुन्या पद्धतीत आणखी एक गंमत होती. ‘कि’ लिहिताना पहिली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते म्हणून साठवलीही आधीच जायची. युनिकोडमध्ये आधी ‘क’, मग वेलांटी. त्यामुळे नुसती अक्षरं बदलून भागत नाही, त्यांचा क्रमही लावावा लागतो. हे काम करणारे फॉन्ट परिवर्तक मिळतात, मात्र त्यांना मूळ फॉन्ट कोणता होता हे नेमकं सांगावं लागतं.

ते नेमकं सांगू शकतो माळ्यावरचा संगणक. त्याच्यात ते फॉन्ट, पानं जुळवणारं पेजमेकर आणि कधी मागे खोचलेला डोंगल, म्हणजे त्या सॉफ्टवेअरची किल्लीही शाबूत असते. म्हणून घरात असं कुणाचं लेखन असेल, तर जुन्या डिस्कवरून विंडोज पुसण्याची घाई करू नका. आधी प्रत्येक फाईल उघडून तिची पीडीएफ काढा, म्हणजे मूळ रूप टिकेल. मग मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये घ्या. परिवर्तक नाही जुळला, तर पीडीएफवरून मराठी वाचणारं ‘टेसरॅक्ट’सारखं मोफत ओसीआर आहे. मात्र या काळात हा संगणक इंटरनेटपासून तोडलेला ठेवा. विंडोज एक्सपीला २०१४ पासून आणि विंडोज ७ ला २०२० पासून सुरक्षेची नियमित डागडुजी मिळत नाही.

घरचं कोठार, घरची शाळा

वरची कामं उरकली की विंडोज काढून लिनक्स घालायला हरकत नाही. ‘लिनक्स मिंट’ची ‘एक्सएफसीई’ आवृत्ती चार जीबी रॅमवर सुखाने चालते. ती पेनड्राइव्हवर उतरवून, संगणकात काहीही न बदलता आधी चालवून पाहता येते. आवाज, वाय-फाय, प्रिंटर नीट चालले तर मगच बसवायची. पुण्यात यासाठी सोबतही मिळते. लिनक्स वापरणाऱ्यांचा ‘प्लग’ हा गट इथे जुना आहे.

मराठीची सोय आतच असते. लिबरऑफिस आणि फायरफॉक्स मराठीत वापरता येतात, इन्स्क्रिप्ट कळफलक दोन क्लिकमध्ये सुरू होतो. या कळफलकात स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. आठवीतल्या मुलाने रोज वीस मिनिटं सराव केला, तर सुट्टी संपेपर्यंत तो न बघता मराठी टंकू लागतो. त्यासोबत ‘किविक्स’ हे सॉफ्टवेअर टाकून मराठी विकिपीडिया उतरवून ठेवला, की इंटरनेट नसतानाही मुलांच्या हाताशी ज्ञानकोश असतो. खेळायला यूट्यूब नाही, शोधायला विकिपीडिया आहे. अभ्यासाच्या टेबलासाठी एवढं एकच काम पुरेसं आहे.

दुसरं चांगलं काम फोटोंच्या कोठाराचं. घरातल्या चार फोनमधले फोटो वाय-फायवरून आपोआप एका जागी गोळा करायचं काम ‘सिंकथिंग’ हे मोफत सॉफ्टवेअर करतं. मात्र कोठारासाठी डिस्क नवी घ्यावी आणि छायाचित्रकारांचा नियम पाळावा: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यांतली एक घराबाहेर. घराबाहेर का, हे पुण्याला सांगायला नको. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याचं पाणी सहकारनगर, अरण्येश्वरच्या घरांत शिरलं. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत मुठेचं पाणी आलं. तळमजल्यावरच्या टेबलाखाली ठेवलेल्या एकुलत्या एक कोठाराचं अशा रात्री काय होईल, याचा विचार आधीच करावा. एक प्रत दुसऱ्या गल्लीतल्या बहिणीकडे असली तरी चालेल.

विजेचा हिशेब

इथे एक खोच आहे. जुना डेस्कटॉप नुसता चालू राहिला तरी साधारण ५० ते ६० वॅट खातो. ६० वॅट धरले तर चोवीस तास आणि तीस दिवसांचे झाले ४३ युनिट. युनिटला दहा रुपये धरा, महिन्याला ४३० रुपये. ‘फुकटचं’ कोठार वर्षाला पाच हजारांत पडलं! तेच काम जुन्या लॅपटॉपने १५ वॅटमध्ये केलं तर महिन्याला ११ युनिट. डेस्कटॉपच वापरायचा असेल तर रोज संध्याकाळी दोन तास चालवावा, साडेतीन युनिटांत भागतं.

याच हिशेबामुळे एका मोहक उपयोगाला मी नकार देतो. आपला रिकामा संगणक शास्त्रज्ञांना उसना देण्याची सोय आहे. २००५ मध्ये सुरू झालेला ‘आइन्स्टाइन ॲट होम’ हा प्रकल्प स्वयंसेवकांच्या संगणकांवर पल्सार, म्हणजे स्पंदक तारे शोधतो. २०१० मध्ये अमेरिका आणि जर्मनीतल्या स्वयंसेवकांच्या संगणकांनी एक नवा पल्सार खरोखरच शोधून काढला. आपल्याकडे खोडदची महाकाय दुर्बीण पल्सारांचा वेध घेते, हिंगोलीत औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची ‘लायगो’ वेधशाळा होणार आहे, त्यामुळे या कामाचं आकर्षण वाटणारच. पण जुना प्रोसेसर तेवढ्याच कामाला नव्यापेक्षा कितीतरी जास्त वीज जाळतो. विज्ञानाला हातभार लावायचा तर नव्या यंत्राने लावावा.

विजेच्या बाजूने बोललो, तर दुसरी बाजूही सांगायला हवी. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ साली मांडलेल्या हिशेबानुसार, एक डेस्कटॉप आणि १७ इंची काचेचा मॉनिटर बनवायला २४० किलो जीवाश्म इंधन, २२ किलो रसायनं आणि दीड हजार लिटर पाणी लागत असे. हा खर्च आपण विकत घेतानाच होऊन गेला. त्यामुळे जो संगणक आणखी चार वर्षं थोडा वेळ का होईना चालतो, तो नवा घेण्यापेक्षा स्वस्तच पडतो.

निरोप द्यायचा तर

काही यंत्रं खरोखर संपलेली असतात. तीही लगेच टाकू नका. बंद हार्ड डिस्क उघडली तर आत जबरदस्त ताकदीची दोन निओडिमियम चुंबकं आणि आरशासारख्या तबकड्या सापडतात, सीडी ड्राइव्हमध्ये छोट्या मोटरी. पुण्यातच ‘आयुका’च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवलं. त्याच वाटेने मुलांना एक रविवार, एक स्क्रूड्रायव्हर आणि एक मेलेला संगणक द्यावा. फक्त पॉवर सप्लायचा डबा उघडू देऊ नका, त्याच्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. जुना काचेचा मॉनिटरही नाही. त्याच्या आत धोकादायक विद्युतदाब असतो आणि काचेत शिसं असतं.

दुसऱ्याला देताना माहिती पुसून द्यावी. ‘डिलीट’ केल्याने फाईल जात नाही, तिची अनुक्रमणिकेतली नोंद तेवढी जाते. हार्ड डिस्क एकदा पूर्ण शून्यांनी लिहून काढली की पुरतं. एसएसडीला मात्र तिची स्वतःची ‘सिक्युअर इरेज’ आज्ञा द्यावी लागते.

चालता संगणक असेल तर तो शाळेला, वाचनालयाला द्यावा. पुण्यातली ‘पूर्णम इकोव्हिजन’ ही संस्था ‘ई-यंत्रण’ मोहिमेत ई-कचरा गोळा करते, आणि वापरण्याजोगे संगणक दुरुस्त करून शाळांपर्यंत पोहोचवते. न चालणारा असेल तर ‘स्वच्छ’ला कळवावं. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून उभी राहिलेली ही कचरावेचकांची सहकारी संस्था ई-कचराही उचलते. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवरही टाकली आहे. बुधवारच्या किंवा रविवारच्या जुन्या बाजारात विकायला हरकत नाही, पण चालता संगणकच विकावा. मेलेला गेला तर त्याच्या वायरी उघड्यावर जाळून तांबं काढलं जाण्याची शक्यता असते, आणि तो धूर कुणाच्या तरी घरात जातो. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातल्या जेमतेम २२ टक्क्यांचीच रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे.

म्हणून या वर्षी मखर काढताना ‘बघू’ म्हणू नका. संगणकही खाली काढा, आणि विसर्जनानंतर मखर वर ठेवायच्या आत त्याचा निकाल लावा: घरात एक काम, शाळेत एक जागा, नाहीतर ‘स्वच्छ’च्या कार्यकर्तीला एक फोन. आणि हो, कॅसेटी मात्र त्याआधी ऐकून घ्या.